ऊन खायला बस जरा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड एका खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं. त्याच्या मागे गेल्या वर्षीचं, त्याच्याही मागे त्याच्या आदल्या वर्षीचं. सासूबाई जुनी कॅलेंडरं टाकू देत नाहीत. त्यांना मागच्या तिथी बघायच्या असतात, गॅस कधी लावला ते बघायचं असतं. दुधाचा हिशेब मात्र मी लिहिते. रोजच्या चौकोनात एक किंवा दीड, पाहुणे असले तर दोन, दूध आलं नाही तर फुली. बावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढल्यावर हाताला लिहायची सवयच लागते.

तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात दूधवाल्याच्या बिलावरून थोडी बोलाचाली झाली, म्हणून मी मागची पानं काढून बसले. डिसेंबरच्या पानावर बारा-तेरा तारखेपर्यंत आकडे होते, पुढे काहीच नव्हतं. जानेवारीचं पान कोरं. फेब्रुवारीतही पहिले आठ-नऊ दिवस कोरे आणि मग पुन्हा दीड, दीड, एक, दीड. दूध रोज येत होतं, चहा रोज होत होता. लिहिणारी बाई तेवढी गायब होती. सहज म्हणून मागचं कॅलेंडर उलटलं. तिथेही डिसेंबरच्या मध्यापासून तसंच. त्याच्या मागच्यावरही तसंच. मी ओट्याला टेकून खाली फरशीवर बसले. तीन वर्षं, तेच आठ आठवडे, आणि मला ते माहीतच नव्हतं.

त्या दिवसांत काय होतं ते सांगणं अवघड आहे, कारण घडत काहीच नाही. रडू येत नाही. कुणाशी भांडण नसतं. सकाळी गजर वाजतो तेव्हा अंगावर ओलं गोणपाट टाकल्यासारखं वाटतं. नऊ तास झोपून उठलं तरी झोप झालेली नसते. संध्याकाळी घरी आलं की गोड किंवा तळलेलं काहीतरी खावंसं वाटतं, खाल्लं की आणखी जड वाटतं. फोन वाजला की पोटात गोळा येतो. कपाटातल्या साड्यांच्या घड्या करायला घेतल्या आणि चार साड्यांनंतर पलंगावर तशाच टाकून बसले, त्या दोन दिवस तिथेच होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं सलग दोन वर्षं मी खोटं सांगून टाळलं. एकदा पाय मुरगळल्याचं सांगितलं, एकदा पाहुणे आल्याचं. काळी चंद्रकळा इस्त्री करून ठेवलेली होती.

आणि हे सगळं नाशकात, हिवाळ्यात. आमच्या गावात हिवाळ्याबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडायचा नाही. गुलाबी थंडी, पहाटेची गोदाघाटावरची वाफ, सुट्टीच्या सकाळी शेतातल्या हॉटेलात मिसळ आणि वर जिलेबी, नांदूरमध्यमेश्वरला आलेले पक्षी, मळ्यांत भरत आलेली द्राक्षं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की वर्तमानपत्रात राज्याचं नीचांकी तापमान म्हणून पहिल्या पानावर येतं, आणि आमच्याकडे ते कौतुकानं वाचलं जातं. घरोघरी डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू होतात. हिवाळा म्हणजे तब्येत कमवायचे दिवस, जठराग्नी चांगला असतो, खाल्लेलं अंगी लागतं. अशा ऋतूत ज्याचं मन उतरतं त्याची फार कोंडी होते. बाहेर सगळं छान आहे, मग मलाच का हे होतंय, म्हणून लाज वाटते आणि माणूस आणखी आत जातो.

घरच्यांचा एकच प्रश्न असायचा. "काय झालं?" नवरा विचारायचा, लेक विचारायची, फोनवर आई विचारायची. त्यांची माया होती त्यात. पण या प्रश्नाला कारण लागतं, आणि माझ्याकडे कारण नव्हतं. "काही नाही झालं" हे खरं उत्तर होतं. ते ऐकलं की त्यांना वाटायचं ही काहीतरी लपवतेय. आईनं तर दृष्टही काढली. मी स्वतःलाच कारणं शोधून द्यायचे: ऑफिसचं काम, लेकीची दहावी, चाळिशी उलटल्याचं वय. एप्रिलमध्ये काम तेवढंच असायचं, वयही कमी झालेलं नसायचं, आणि मी गाणं गुणगुणत भांडी लावत असायचे.

कॅलेंडर सापडलं म्हणून मी डॉक्टरांकडे गेले. तीनही कालनिर्णयं गुंडाळी करून पिशवीत घालून नेली. मानसोपचारतज्ज्ञ बाई होत्या, त्यांनी ती टेबलावर पसरून शांतपणे पाहिली आणि विचारलं, "उन्हाळ्यात कधी याच्या अगदी उलट होतं का? झोप कमी लागते, डोक्यात विचार धावतात, पैसे खर्च होतात, असं काही?" हा प्रश्न किती महत्त्वाचा होता ते मला नंतर समजलं. ज्यांचं मन दोन्ही टोकांना जातं त्यांचे उपचार वेगळे असतात, आणि त्यांना तीव्र प्रकाशाचा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दिला तर मन दुसऱ्या टोकाला उसळू शकतं. मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, ड जीवनसत्त्व असे तपास झाले. थायरॉइड मंदावलं तरी असाच थकवा, अशीच झोप, असंच वजन वाढतं, त्यामुळे ते आधी बघून घ्यावं लागतं. माझं ठीक होतं. त्यांनी सांगितलं, हे नैराश्य आहे, आणि ते ठरावीक ऋतूत येतंय. निदान दोन वर्षं लागोपाठ त्याच काळात यावं आणि ऋतू सरला की आपसूक जावं, तर त्याला ऋतुमानाचं नैराश्य म्हणतात. तुमच्या कॅलेंडरवर तीन वर्षं दिसताहेत.

मला ते ऐकून हलकं वाटलं हे लिहायला संकोच वाटत नाही. नाव मिळालं की निदान त्याच्याबद्दल बोलता येतं.

नॉर्मन रोझेंथाल नावाचे मानसोपचारतज्ज्ञ दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गहून अमेरिकेत गेले. उन्हातल्या गावचा माणूस. तिथल्या हिवाळ्यात आपली उमेद ओसरते हे त्यांना स्वतःला जाणवलं. हर्बर्ट कर्न नावाचा एक इंजिनिअर होता, तो आपल्या मनाच्या चढउताराच्या नोंदी वर्षानुवर्षं लिहून ठेवत होता आणि त्याला त्यात ऋतू दिसला होता. 1984 मध्ये रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्यावर तीव्र प्रकाशाचा उपचार मांडला. तो इंजिनिअर मला फार जवळचा वाटतो. माझ्यासारखाच वहीवाला.

पण हा आजार मुख्यतः उत्तरेकडच्या देशांचा. हेलसिंकीला डिसेंबरातला दिवस सहा तासांचाही नसतो. नाशिक विषुववृत्तापासून जेमतेम वीस अंशांवर. आमचा सर्वांत लहान दिवस जवळपास अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा तेरा तास वीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे फरक अडीच तासांचाही नाही. शिवाय आमचं आभाळ खरं झाकोळतं ते आषाढ-श्रावणात. तिकडे त्र्यंबक-इगतपुरीला सूर्य आठवडा आठवडा दिसत नाही. मग मी जुलैत खचायला हवी होते. डॉक्टरांना मी हेच विचारलं. त्यांनी उलटा प्रश्न केला, "तुम्ही घरातून किती वाजता निघता?"

मी पाथर्डी फाट्याजवळ राहते. कंपनीची बस सात वाजून दहा मिनिटांनी फाट्यावर येते. सातपूरला आमच्या विभागाची खोली गोडाऊनच्या आतल्या अंगाला आहे, तिला खिडकी नाही. डबा जागेवरच. परतीची बस मला सव्वासहाला फाट्यावर सोडते. जुलैत सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, म्हणजे मी निघते तेव्हा तासभर उजाडलेलं असतं, आणि परत येते तेव्हाही तासभर उजेड उरलेला असतो. ढगांतून का होईना, पण तो दिवसाचा उजेड असतो. डिसेंबरात मी झुंजूमुंजू असताना निघत होते आणि दिवेलागणीला परत येत होते. सोमवार ते शनिवार ऊन माझ्या डोळ्यांना दिसतच नव्हतं. नाशकात लख्ख ऊन पडलेलं असताना मी माझ्यापुरतं हेलसिंकी करून घेतलं होतं.

यात एक गोष्ट मला नव्यानं कळली. आपण म्हणतो, संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो. सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरचा, हेही शाळेत शिकलेलं असतं. पण वाढणारी ती मिनिटं आधी संध्याकाळच्या बाजूला जमा होतात. नाशकात सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो संक्रांतीच्याच सुमाराला, सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे माझी बस आणि सूर्य एकाच वेळी. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो सातच्या आत येतच नाही. सगळे तिळगूळ वाटत "आता दिवस मोठा होणार" म्हणत असतात, तेव्हा सकाळच्या अंधाराचा तळ आलेला असतो. माझी कॅलेंडरं फेब्रुवारीत का भरू लागतात याचं कोडं मला तिथे थोडं सुटलं.

सकाळच्याच उजेडाचं एवढं काय, तर आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. शरीराचं घड्याळ तो चालवतो. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम या घड्याळाला बाहेर उजाडलं की नाही ते कळवायचं. त्या 2002 च्या सुमाराला नीट ओळखल्या गेल्या. उजेड पोचला की मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक थांबतं आणि घड्याळ जुळतं. पोचला नाही तर घड्याळ मागे पडतं. माणूस उठून कामाला लागतो पण शरीराची पहाट झालेली नसते. या नैराश्याची ही एकमेव मांडणी नाही, पण माझ्या सकाळींशी ती जुळते.

उजेड लक्समध्ये मोजतात. आमच्या ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली तीनशे ते पाचशे लक्स असतील, घरी संध्याकाळी त्याहूनही कमी. परदेशात उपचारासाठी दिवा वापरतात तो दहा हजार लक्सचा. सकाळी उठल्यावर अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं, त्याच्याकडे रोखून न बघता. मी तो मागवायला निघाले होते. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला कशाला विकत घ्यायचा? आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं. कोवळ्या उन्हात, अगदी झाडाच्या सावलीत बसलात तरी त्या दिव्याच्या तोडीचा उजेड मिळेल." ड जीवनसत्त्वाच्या गोळीनं हे काम होत नाही, कारण ते त्वचेचं खातं वेगळं आणि हे डोळ्यांचं वेगळं. मी गोळ्या घेऊन निर्धास्त झाले होते.

नैराश्याची गोळीही मी त्या पहिल्या हिवाळ्यात घेतली, त्यांनी सांगितली तितके महिने. वाटेल तेव्हा सुरू केली नाही, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली नाही. लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून मी मोठ्या आवाजात सांगते. आणि ज्यांच्या मनात जगून काय करायचं असा विचार येतो त्यांनी उन्हाची वाट बघू नये. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावं, डॉक्टर गाठावा, किंवा 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक फिरवावा. तिथे मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आमच्या घरात या सगळ्यावरचा इलाज तीस वर्षं चालू होता आणि मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. साडेआठला आमच्या गॅलरीत ऊन येतं. आधी कठड्यावर, मग तुळशीच्या कुंडीवर, मग फरशीवर साडीच्या काठाएवढं. सासूबाई तिथे चटई टाकतात. मांडीवर सूप, सुपात मटाराच्या शेंगा. अंगठ्याच्या नखानं शेंगेची शीर दाबली की टच्च असा आवाज येतो आणि दाणे पातेल्यात पडतात. ऊन सरकलं की त्या चटई सरकवतात, सूप उचलून पुन्हा मांडीवर. अकरापर्यंत त्या गॅलरीच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचलेल्या असतात. सुट्टीच्या दिवशी मी तोंडावरून पांघरूण घेऊन पडलेली असले की त्या बाहेरूनच म्हणायच्या, "अगं, ऊन खायला बस जरा." त्यांनी "काय झालं?" असं मला एकदाही विचारलं नाही. मला ते तेव्हा तुटकपणाचं वाटायचं. आता वाटतं, घरात त्यांनाच सगळ्यांत जास्त समजलं होतं. पुढे त्या एक दिवस सूप घेऊन आत आल्या, माझ्या पलंगावर ठेवलं आणि म्हणाल्या, "माझी नखं दुखतात. एवढं संपव, पण इथे नको, अंधारात अळी दिसत नाही." मी उठून गेले. मटार सोलून संपले तेव्हा माझी पाठ गरम झाली होती, आणि मला भूक लागली होती. कित्येक दिवसांनी वेळेवर लागलेली भूक.

मन झालं की करू म्हटलं तर त्या दिवसांत मन होतच नाही. आधी हात कामाला लावायचे, मन मागून येतं. कधी येतं, कधी नाही येत. समुपदेशनात मला पुढे हेच शिकवलं गेलं. ऋतूच्या नैराश्यावर विचार आणि वागणूक बदलण्याची पद्धत अमेरिकेतल्या केली रोहन यांनी बसवली, आणि त्यांना असं दिसलं की दोन हिवाळ्यांनंतर पुन्हा खचण्याचं प्रमाण नुसत्या प्रकाशापेक्षा या पद्धतीनं शिकलेल्यांत कमी असतं. म्हणजे हे शिकता येतं.

माझ्या धाकट्या भावाकडून मी दुसरी गोष्ट शिकले. निफाड तालुक्यात त्याची पाच एकर बाग आहे. एका जानेवारीत मी दोन दिवस माहेरी होते. पहाटे तीनला दारावर थाप पडली. "ताई, येते का बागेत? पारा उतरलाय." मी शाल गुंडाळून गेले. बांधाच्या कडेनं उसाचं पाचट आणि छाटणीच्या काड्या यांचे ढीग आधीच लावून ठेवलेले होते. त्यानं एकेक पेटवत नेला. धूर वर गेला नाही, वेलींच्या मांडवाखाली गुडघाभर उंचीवर पसरून राहिला. मग त्यानं विहिरीची मोटर चालू केली. पाण्यात हात घातला तर कोमट. विहिरीचं पाणी थंडीत उबदार असतं, ते बागेत फिरलं की मुळांपाशी गारठा जरा कमी होतो. मण्यांत नुकतं पाणी उतरलेलं, त्यातच कडाक्याची थंडी पडली की फुगवण थांबते, मणी तडकतात. तो घडाखाली हात धरून एकेक मणी बॅटरीच्या उजेडात बघत होता. मी त्याला विचारलं, चिडचिड होत नाही का रे? त्याला प्रश्नच नीट कळला नाही. "थंडी तर पडणारच ना. पाचट दिवाळीलाच आणून टाकलंय." मग चालता चालता एका काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, दाखवत म्हणाला, "एप्रिलच्या छाटणीनंतर जे ऊन मिळतं ना ताई, त्यात या डोळ्यात घड तयार होतो. तेव्हा ढगाळ राहिलं तर आत्ता मी काहीही केलं तरी माल कमीच."

परतताना बसमध्ये मी त्या पाचटाच्या ढिगांचा विचार करत होते. मी दरवर्षी डिसेंबरची थंडी पडल्यावर जागी होत होते, आणि तेव्हा काडी उचलायचंही बळ नसायचं.

आता माझं पाचट दिवाळीलाच पडतं. भाऊबीज झाली की मी डॉक्टरांची वेळ घेते, बरं असले तरी. ऑफिसात साहेबांना पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली होती. मला दहाच्या चहाला वीस मिनिटं बाहेर बसायचंय, त्याबदल्यात मी डबा लवकर आवरीन, एवढंच म्हणाले, नंतर कारणही सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बसा ना. माझी बहीणही अशीच होते हो." गेटच्या आत कडुनिंबाजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून मी बसते. कंपाउंडच्या भिंतीवरून ऊन तोंडावर येतं, सूर्याकडे बघायचं नाही, फक्त उजेडात असायचं. फोन आतच ठेवते. सुट्टीच्या सकाळी नवरा आणि मी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढतो. तो वर पोचेपर्यंत काही विचारत नाही, हे त्यालाही आता जमतं. रात्री दहानंतर दिवे मंद करतो. हळदीकुंकवाला मी जाते, सगळीकडे नाही, दोन घरी. एका घरी यंदा मी खरं सांगितलं की गेल्या काही वर्षी का आले नाही, तर माझ्या हाताला हळद लावता लावता ती बाई थांबली आणि म्हणाली, "मला वाटायचं मी एकटीच." वाण हातात धरून आम्ही दोघी जिन्यात अर्धा तास बोलत उभ्या होतो.

बरी झालेय असं मी म्हणत नाही. यंदाही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस ते ओलं गोणपाट अंगावर आलं होतं. गजर बंद करून मी भिंतीकडे तोंड केलं, बस चुकली, दोन दिवस रजा गेली. तिसऱ्या दिवशी गॅलरीत जाऊन बसले, सासूबाईंनी सूप पुढे सरकवलं. मटार संपले होते, ओला हरभरा होता. त्याचे घाटे सोलताना हाताला आंबट खार लागते.

हे लिहितेय तेव्हा जानेवारीचे चार दिवस उरलेत. दाराआडचं पान आत्ताच पाहून आले. सहा चौकोन रिकामे आहेत, बाकी सगळीकडे आकडे. दूधवाला खाली हॉर्न वाजवतोय. उद्या लेक येणार आहे, दोन लिटर घ्यायला हवं.